पायाकडची ऊब

येडशी
३ जानेवारी २०२५

धुळाप्पा यांस सलाम.

आज शुक्रवार. सकाळी नळाला पाणी आलं, ते भरून ठेवलं. जुम्म्याची नमाज झाल्यावर कब्रस्तानात गेलो. मिनाजच्या कबरीवरची माती अजून बसलेली नाही. एका बाजूला कुत्र्यांनी उकरल्यासारखं दिसलं, तिथं दगड ठेवला. घरी येऊन भाकरी खाल्ली. दुपारी रामलिंगाच्या देवळाकडची माकडं पत्र्यावर आली. शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांची त्यांनी दैना केली. आपल्या दोरीवर मिनाजची गोधडी होती. तिच्याजवळ एक मोठं माकड येऊन बसलं, पण ते तिला शिवलं नाही. थोडा वेळ बघत बसलं आणि गेलं.

तुमचं पत्र मिळालं. फोन केला नाही. तुमच्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि मला घरात मोठ्यानं बोलणं अजून जमत नाही. वीज मंडळाच्या स्टोअरमध्ये मशीनच्या आवाजात आपण चिठ्ठ्या लिहून बोलायचो, तसंच समजा. येळवशीला, वेळ अमावास्येच्या जेवणाला, दरवर्षी आम्ही दोघं तुमच्या शेतात येत होतो. यंदा आलो नाही, राग मानू नका.

मिनाज कशी गेली ते तुम्ही विचारलंत. हृदयाचा त्रास होताच. १८ डिसेंबरला ती जेवली, गोळी घेतली, गोधडीची एक शिवण उसवली होती ती घातली आणि तीच गोधडी पांघरून झोपली. सकाळी डॉक्टर आले. मध्यरात्रीच्या सुमारास झोपेतच गेली असावी, असं म्हणाले.

तुम्ही प्रत्येक गोष्टीचं कारण शोधणारे आहात, म्हणून दोन गोष्टी लिहितो. गुसलला, म्हणजे मय्यतीच्या आंघोळीला, माझी थोरली बहीण नसीमबी आपा आत होती. ती मधेच बाहेर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाली, "मुनवर, पानी ठैरताच नै उसके हाथां पे. मोत्यां सरीका ढलक जारा." बाकीच्या बायका मागं सरकल्या होत्या. शेवटी आपानं एकटीनं आंघोळ उरकली. गुसल पुरं झालं की नाही, ही शंका तिच्या मनातून अजून जात नाही. ती रोज येते आणि तेच विचारते.

दुसरी गोष्ट. अंग गरम होतं. त्यामुळं आपानं डॉक्टरांना परत बोलवायला लावलं. ते परत आले, परत तेच म्हणाले.

निर्भार मटेरियल्सचे शेअर मिनाजच्या नावावर आहेत. नॉमिनी मी आहे. फॉर्म अजून भरला नाही. भाव पडतोय असं येरमाळ्याचा अमरसिंह आपल्या शेअरवाल्यांच्या ग्रुपवर सारखं लिहितो. माझं त्यात लक्ष नाही.

तुमचा
मुनवर

*

जळकोट
९ जानेवारी २०२५

मुनवरभाईंना धुळाप्पाचा नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. येळवशीला शेतातल्या कडब्याच्या कोपीत आंबिलीचं मडकं मांडलं तेव्हा मिनाजभाभींच्या नावानं एक वाटी बाजूला ठेवली होती. आमच्या सूनबाई हर्षालीनंच आठवण केली.

आता नसीमबी आपांना माझा निरोप सांगा. घाबरायचं काही कारण न्हाय. गुसल पुरं झालंय. पाणी न ठरण्याचं कारण आपली ती निर्भार कंपनी आहे.

पुण्याची ती सभा आठवा. भागधारकांची सभा म्हणून गेलो तर निम्मी गर्दी जेवणाच्या पाकिटासाठी. त्या कोटवाल्या साहेबानं खाली बर्नर पेटवला, वर ती पांढरी चादर धरली आणि चादरीवर बर्फीचा तुकडा ठेवला. बर्फी वितळली न्हाय. सगळे टाळ्या वाजवतायत आणि भाभी मला म्हणतात, "धुळाप्पाभाई, ती बर्फी आता खाणार कोण?" नंतर हात वर करून मत द्यायची वेळ आली. तुम्ही आपले खाली बघत बसलेले. भाभींनी खुर्चीखालून पायाच्या बोटांनी तुमचा पाय दाबला आणि तुमचा हात खटक्यानं वर गेला, जसं बटण दाबलं की दिवा लागतो. मी लई हसलो होतो.

प्रत्येकाला त्या चादरीचा एकेक तुकडा नमुना म्हणून दिला होता. लोक पाकिटं घेऊन पळाले आणि तुकडे खुर्च्यांवर टाकून गेले. भाभींनी सगळा हॉल फिरून ते गोळा केले. साहेब बघत होता. मला तर लाज वाटली. भाभी म्हणाल्या, "मला बाकीच्या कंपन्या कळत न्हाईत. कापड कळतं. हे टाकायचं कापड न्हाय." आणि त्याचीच गोधडी शिवली.

आता ऐका. तो माल म्हणजे एअरोजेल. काचेचा फेस करून वाळवावा तसा प्रकार, आत सगळी हवा. त्याची बारीक पांढरी भुकटी झडते, आणि त्या भुकटीचा गुण असा की ती पाणी धरत न्हाय. अळवाच्या पानासारखं. सभेतच सांगितलं होतं. शिवण घालताना भाभींच्या हातांना तीच भुकटी लागली असणार. आपांना म्हणावं, शिवलेल्या हाताला पीठ लागलं एवढंच झालं.

अंग गरम असण्याचंही कारण तेच. चादर ऊब बाहेर सोडत न्हाय. आमच्या हर्षालीनं माझा तुकडा दुधाच्या पातेल्यावर गुंडाळला होता. सकाळी तापवलेलं दूध संध्याकाळी तसंच गरम, आणि म्हणूनच नासलेलं! तिनं तुकडा चुलीत घातला, तर तो जळतही न्हाय. शेवटी बाहेर फेकला. अमरसिंह म्हणतो कंपनी खोटी आहे, साधी काचेची लोकर विकते. त्याला तुमचंच उदाहरण सांगावंसं वाटलं, पण सांगितलं न्हाय.

आणखी एक. त्या कापडाला हात लावला की ते लगेच गरम लागतं. त्याची स्वतःची ऊब काही नसते. आपल्याच हाताची ऊब ते परत देतं.

जेवत जा.

धुळाप्पा

*

येडशी
१४ जानेवारी २०२५

धुळाप्पा यांस सलाम.

आज संक्रांत, पोस्टात जाणं झालं नाही. हे उद्या टाकीन. सकाळी शेजारून तिळगूळ आला. आपा आली होती, तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं. ती रडली आणि मग हसली. म्हणाली, "इत्ती सी बात थी." बऱ्याच दिवसांनी ती इथं जेवली. तुमचे उपकार आहेत.

ती गेल्यावर मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं. अंग गरम असण्याचंही कारण तेच, असं तुम्ही लिहिलंय. त्याबद्दल लिहायचं आहे. हे मी आपालाही सांगितलेलं नाही.

त्या दिवशी मी फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज पढून मशिदीतून आलो. मिनाज झोपलेली होती. मी चहा ठेवला, दोन कप. ती उठेना, म्हणून पायाकडून गोधडीत हात घातला. पाय गरम होते. म्हटलं झोपू दे. तिथंच पाय हातात धरून बसलो.

मी कमी बोलतो, हे तुम्हाला माहीत आहे. तिच्याशीही कमीच बोललो. त्या सकाळी का कोण जाणे, बोललो. तिच्या दुखण्याचं बोललो, पोरं झाली नाहीत त्याचं बोललो, तिनं मशीन चालवून घर धरलं त्याचं बोललो. शेवटी म्हणालो, मिनाज, कहा-सुना माफ कर. आमच्यात माणूस हे शेवटी शेवटी म्हणतो. मी ते आधीच म्हणून टाकलं. मग चहा घेऊन गेलो आणि तेव्हा चेहऱ्याला हात लागला. चेहरा गार होता.

डॉक्टर मध्यरात्र म्हणाले तेव्हा मी मनात म्हटलं, हे चुकतायत. पाय गरम होते. ती सकाळी होती. तिनं ऐकलं आणि मग गेली. त्या एका गोष्टीवर मी आजपर्यंत उठतोय, बसतोय.

तुम्ही लिहिता तसं असेल, तर मी ते सगळं कुणाशी बोललो?

ती चादर ऊब किती वेळ धरते, तुम्हाला नक्की माहीत असेल तर कळवा. माहीत नसेल तर अंदाजानं लिहू नका.

मुनवर

*

जळकोट
२० जानेवारी २०२५

मुनवरभाई,

पत्र आल्यापासून मला चैन न्हाय. माझ्या तोंडाला, म्हणजे हाताला, कुलूप लावलं पाहिजे. लिहिताना वाटलं की दिलासा देतोय.

नक्की मला माहीत न्हाय. कंपनीच्या कागदात लई मोठे दावे आहेत. रॉकेटला लावतात, तेलाच्या पायपाला लावतात. पण कागदात काय, कुणीही काहीही छापतं. दूध गरम राहिलं हेही हर्षालीच्या सांगण्यावर. तिनं मधे परत तापवलं असेल आणि आता कबूल करत नसेल.

म्हणून मला एक सुचलंय. अमरसिंहनं परवा ग्रुपवर लिहिलं, की नमुन्याचे तुकडे परदेशातून आणलेले होते आणि कंपनी स्वतः काहीच बनवत न्हाय. भाव आणखी उतरला. मी म्हटलं, घरी कुणाकडं तुकडा असेल तर तपासून बघा. कुणाकडंच न्हाय. कुणी फेकला, कुणाचा उंदरानं नेला. एकट्या भाभींनी जपून ठेवलाय.

तर असं करा. संध्याकाळी तांब्यात कढत पाणी घ्या, वर वाटी घाला, गोधडीत गुंडाळून ठेवा. सकाळी बघा. पाणी गार झालं तर अमरसिंह खरा, कंपनी खोटी, माझे शेअर मातीत. जाऊ देत! पण मग भाभींचे पाय त्या चादरीनं गरम नव्हते. भाभी सकाळी होत्या, आणि तुमचं ऐकून गेल्या. मी तर येडाई देवीला हेच मागतोय, की पाणी गार निघू दे. शेअर बाजारात स्वतःचं नुकसान मागणारा मीच पहिला असेन.

करून बघा आणि कळवा.

धुळाप्पा

*

येडशी
२३ जानेवारी २०२५

धुळाप्पा यांस सलाम.

केलं नाही.

पाणी गार निघालं तर काय, ते तुम्ही लिहिलंत. गरम निघालं तर काय, ते लिहिलं नाहीत.

रविवारी चाळीसावा आहे. मिनाजचे कपडे देऊन टाकायचे म्हणून आपा बोचकी बांधतेय. गोधडीला तिनं हात लावला नाही. गोधडी अजून पलंगावर आहे. मी खाली चटईवर झोपतो. सकाळी फरशी झाडताना पलंगापाशी पांढरी भुकटी असते, पाय खाली सोडून कुणी उठावं त्या जागी. काल झाडून घेतली होती, आज पुन्हा होती. भुकटी झडते हे तुम्ही लिहिलंच आहे. फक्त गोधडी कुणी हलवत नाही.

पायाकडून हात घातला की गरम लागतं. तुम्ही म्हणता ती माझ्याच हाताची ऊब. असेल. पण हात आत गेल्याबरोबर लागते, थांबावं लागत नाही. आज आधी माठाच्या पाण्यात हात बुडवून गार केला, मग घातला. तरी लागली.

शेअरचं तुम्ही तुमच्या मतानं ठरवा.

मुनवर

*

जळकोट
३० जानेवारी २०२५

मुनवरभाई,

तुमचं पत्र हर्षालीनं वाचून दाखवलं. माझा चष्मा तुटलाय. वाचून झाल्यावर तिनं कागदाची घडी घातली. मग माझं आधीचं पत्र काय होतं ते विचारलं. मी सांगितलं, तांब्या, कढत पाणी, सगळं.

ती म्हणाली, "मामा, तुमाला कळतंय का तुमी काय करायला सांगितलं? त्या माणसाला त्याच्या बायकोच्या जागी तांब्या झोपवायला सांगितला तुमी."

मी म्हटलं, "अगं, गार निघालं असतं तर…"

"आणि न्हाय निघालं तर? तुमी जळकोटात, ते येडशीत एकटे."

यंत्र कानातून काढून बसलो, पण ऐकलेलं ऐकूच येत राहतं.

तर ती गोष्ट सोडून द्या. मी चुकलो. डॉक्टरही माणूसच, ते घड्याळ घेऊन भाभींपाशी बसले नव्हते. तुम्ही जे धरून आहात ते धरून राहा. आता या पत्रातलंही हेच शेवटचं शहाणपण. मी सोमवारी माझे शेअर विकून टाकतो, भाव काही असो. कंपनी खरी की खोटी ते मला आता जाणून घ्यायचं न्हाय.

भुकटीचं मात्र नीट ध्यानात आलं न्हाय. उंदीर बघा. वारा बघा, खिडकी कुठं उघडी राहते का. कारण असतंच.

ज्वारी हुरड्याला आलीय. चार दिवस इकडं या. हर्षाली म्हणते, मुनवरमामांना न्यायला गाडी पाठवा. एकटे राहू नका त्या घरात.

धुळाप्पा
(हर्षालीच्या हातून)

*

येडशी
७ फेब्रुवारी २०२५

धुळाप्पा यांस सलाम. हर्षालीस दुवा.

आज शुक्रवार. थंडी कमी झाली आहे. सकाळी नळाला पाणी आलं नाही.

काल संध्याकाळी मी तांब्यात कढत पाणी घेतलं, वर वाटी बसवली आणि गोधडीत गुंडाळून पलंगावर उशीच्या बाजूला ठेवलं. तुम्ही नको म्हणालात म्हणून केलं असं नाही. चाळीसावा झाला, कपडे गेले, शिलाई मशीन आपाच्या सुनेनं नेलं. घरात तेवढीच एक गोष्ट राहिली होती. धरून राहा असं तुम्ही लिहिलंत. पण जी गोष्ट बघायची भीती वाटते, तिला धरून राहणं मला जमलं नसतं. मिनाजलाही चाललं नसतं. तिनं कापड बोटांत घेऊन बघितल्याशिवाय कधी घेतलं नाही.

फजर पढून आलो. गोधडी उघडली. पाणी गरम होतं. कोमट नाही. हात घातला आणि काढावा लागला.

तेव्हा माल खरा आहे. अमरसिंह चूक आहे. तुम्ही शेअर विकले नसतील तर विकू नका, विकले असतील तर मला वाईट वाटतं. डॉक्टरही बरोबर होते. ती मध्यरात्रीच गेली होती. सकाळी मी आलो तेव्हा घरात चहा ठेवणारा मी एकटाच होतो.

मी तुम्हाला लिहिलं होतं की पाय गरम होते. त्यापुढचं लिहिलं नव्हतं. कुणालाच सांगितलेलं नाही.

कहा-सुना माफ कर, असं मी म्हणालो. तेव्हा तिनं माझा तळहात दाबला. पायाच्या बोटांनी, एकदाच. पाहुणे बसलेले असताना ती दाबायची तसं, आणि त्या सभेत खुर्चीखाली तुम्ही पाहिलंत तसं. झालं, ऐकलं, आता उठ, असा त्याचा अर्थ असायचा. म्हणूनच मी उठलो आणि चहा आणायला गेलो. नाहीतर मी तिथंच बसून राहिलो असतो.

इतके दिवस मला वाटत होतं की पाय गरम होते, म्हणून ती होती, आणि ती होती म्हणून तिनं दाबलं. आता त्यातलं पहिलं गेलं. पाय गरम होते ते त्या चादरीमुळं, हे मी स्वतः बघितलं. ऊब ठेवणं हा त्या मालाचा गुण आहे. दाबणं हा त्याचा गुण नाही. तुमच्या कोणत्याही कागदात ते लिहिलेलं नसणार.

मला भास झाला असेल, असं तुम्ही म्हणाल. मेलेल्या माणसाच्या पायाची शीर हलते, असंही कुणी म्हणेल. तुम्ही कारण शोधाल हे मला ठाऊक आहे. या एका गोष्टीचं शोधू नका. शोधलंत आणि सापडलं, तरी लिहू नका.

खिडकी मी बघितली. ती बंद असते. उंदीर नाही. आज भुकटी पलंगापाशी नव्हती. दारापर्यंत गेलेली होती, थोडी थोडी, मधे जागा सोडून. दाराबाहेर काही नव्हतं. मी केरसुणी घेतली आणि परत ठेवली. आजच्या दिवस झाडलं नाही.

गोधडी घडी करून पेटीत ठेवली आहे. घडी करताना पायाकडच्या बाजूला हात लागला. ती बाजू तांब्यापासून लांब होती. आज पहिल्यांदा ती गार लागली, साध्या कापडासारखी.

शेअरचा फॉर्म भरून पाठवतो. माझ्या नावावर झाले तरी ते विकणार नाही. पुढच्या सभेला पुण्याला जायचं असेल तर तुमच्याबरोबर येईन. हुरड्याला पुढच्या आठवड्यात येतो. गाडी पाठवू नका, एसटीनं येईन.

तांब्यातलं पाणी टाकून द्यायला मन झालं नाही, आणि नळालाही पाणी नव्हतं. मोरीवर बसलो आणि त्याच पाण्यानं हात धुवायला घेतले. घडी करताना भुकटी लागली होती. पाणी हातावर ठरेना. थेंब होऊन मनगटावरून घरंगळत गेलं. मी थोडा वेळ ते बघत बसलो. मग उठून डब्यातलं डाळीचं पीठ घेतलं, नमाजेआधी धुतात तसे दोन्ही हात कोपरापर्यंत चोळले, बोटांच्या बेचक्यात चोळले, आणि उरलेल्या गरम पाण्यानं पुन्हा धुतले.

मुनवर